पालकांनी फक्त बघायचं

लेकीच्या शाळेचं पत्र आलं. सातवीच्या मुलांनी गटागटानं तीस माणसांचं जेवण आखायचं, बाजार करायचा, रांधायचं, वाढायचं आणि हिशोब द्यायचा. खर्च माणशी ऐंशी रुपये. शेवटची ओळ ठळक अक्षरांत : ‘पालकांनी फक्त सुरक्षिततेकडे लक्ष द्यावं. सूचना देऊ नयेत.’

ही ओळ लिहिणाऱ्याच्या घरी सासूबाई नसाव्यात.

सोबत जोडपत्र होतं. १८९६ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागोत काढलेल्या शाळेत मुलं स्वयंपाक करता करता शिकत, १९१८ मध्ये त्यांचे शिष्य किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकणं, मांडली. नवरा हे वाचून भारावला आणि त्या आठवड्यात ऑफिसात उशिरापर्यंत थांबू लागला. उरलो मी, सासूबाई आणि आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या स्वयंपाकघरात घुसलेली सहा मुलं. पाहुणे म्हणून सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक ठरले.

बाजार जांभळी नाक्याला. मुलांनी प्रश्नावली नेली होती. ‘तुम्ही भाव कसा ठरवता?’ या प्रश्नावर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘गिऱ्हाइकाचं तोंड बघून.’ ते जसंच्या तसं वहीत उतरलं. मी मागे उभी होते, माझ्याकडे पाहून कोथिंबिरीची जुडी लगेच महागली.

घरी गणित सुरू झालं. एकमान पद्धतीनं! एका वाटी डाळीला तीन शिट्ट्या, तर दहा वाट्यांना तीस. मी जीभ चावली. सासूबाईंनी जपमाळ घेतली. सुदैवानं एका मुलाला शंका आली, की डाळ जास्त म्हणून वाफ काही जास्त तापत नाही. वाद झाला, शास्त्राचं पुस्तक निघालं, कुकर वाचला. पण ‘चवीपुरतं मीठ गुणिले दहा’ याचं उत्तर शेवटपर्यंत निघालं नाही. बटाटे सोलायला तर एवढा वेळ लागला, की सासूबाईंचा एक लाख जप त्यातच व्हावा. साली जाड निघत होत्या. त्या साली बघताना बाईचा जीव कसा तुटतो, हे ड्यूईंना कळलं नसतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये पानं मांडली गेली. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे मुलांनी पाठच केलं होतं. पण वाढणारा समोर उभा, त्याची डावी ती जेवणाऱ्याची उजवी. अख्खी पंगत आरशात पाहिल्यासारखी वाढली गेली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पहिल्या आजी आल्या आणि पानाकडे बघत म्हणाल्या, ‘अगं, खिचडी कुठाय? आज संकष्टी ना!’ निम्म्या पाहुण्यांना उपास. आज बोलावलंय म्हणजे उपासाचं असणारच, असं धरून सगळे आले होते.

लेक सासूबाईंकडे वळली. ‘आजी, तुला माहीत होतं?’

‘रोज कालनिर्णय बघते मी.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘सूचना देऊ नयेत, असं पत्रात आहे.’

हॉलमध्ये शांतता. मग सहाही डोकी त्या पत्रावर वाकली. लेक म्हणाली, ‘सूचना देऊ नयेत. पण आम्ही विचारलं तर उत्तर देऊ नये, असं कुठे लिहिलंय?’ पोरगी वकील होणार!

मग त्यांनी विचारलं, आणि सासूबाईंनी विचारलं तेवढंच सांगितलं. साबुदाणा भिजायला वेळ नाही, वरीचे तांदूळ लगेच शिजतात. आमटीला दाण्याचं कूट आणि आमसूल. हळद, मोहरी, हिंग काही नाही. एक मुलगा दुकानात पळाला, एकानं दाणे भाजले. उपासवाले तासभर गप्पा मारत बसले, बाकीच्यांनी वरण-भात आणि बटाट्याची भाजी खाल्ली. भाजीत मीठ कमी होतं, त्यामुळे वर मधोमध वाढलेल्या मिठाचं सार्थक झालं. हिशोब माणशी ब्याऐंशी रुपयांवर गेला. वरचे दोन रुपये मुलांनी ‘धार्मिक कारणे’ या खात्यात दाखवले.

शेवटी पाहुण्यांना आणि निरीक्षकांना अभिप्रायाचे कागद वाटले. पाहुण्यांनी ‘छान’, ‘सुंदर’ असं लिहून दिलं. सासूबाई चष्मा लावून कोपऱ्यात बसल्या. दोन्ही बाजू भरल्यावर त्यांनी पुरवणी मागितली.