"दोन पाईप जोडायला लायसन्स कशाला?" म्हणे

प्लंबरला लायसन्स लागतं हा नियमच काढून टाका असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय आणि भलीभली माणसं तो पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दोन पाईप तर जोडायचे असतात." जोडणं सोपंच आहे हो, टेफ्लॉन टेप गुंडाळायला आठवड्यात कोणीही शिकेल. खरी अक्कल लागते ती पाणी उलटं कधी फिरतं हे कळायला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातले काही तासच येतं, ते गेलं की लाइनीतलं प्रेशर पडतं आणि मग पाईप बाहेरचं आत ओढतो, नळाची नळी बादलीत बुडालेली असेल तर बादलीतलं आणि गळका जोड गटारात असेल तर गटारातलं. 1969 साली अमेरिकेत होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल टीमचं हेच झालं. मैदानावरचे नळ जमिनीखालच्या खड्ड्यांत होते, जवळपास आग लागली, बंबांनी पाणी खेचल्यावर प्रेशर पडलं आणि खड्ड्यातलं घाण पाणी पिण्याच्या लाइनीत शिरलं. जवळजवळ अख्ख्या टीमला कावीळ, दोन मॅचनंतर सीझनच रद्द.

"काम वाईट असेल तर गिऱ्हाईक परत बोलवणार नाही." हा मुद्दा वरवर पटतो, पण त्या फुटबॉलच्या पोरांनी कुठे प्लंबर बोलावला होता? बोलावणारा एक आणि भोगणारा दुसराच. शिवाय चूक भिंतीत गाडलेली असते, वर टाइल्स बसल्यावर गिऱ्हाईकाला काय दिसणार, कप्पाळ? नहाणी ट्रॅपचंच घ्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग. त्यात दोन इंच पाणी उभं असतं तेच ड्रेनेजची हवा घरात येऊ देत नाही, पण वास येत नाही तोवर त्याकडे कोणी बघत नाही. 2003 मधे हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समधे बाथरूमचे ट्रॅप सुकले होते, एक्झॉस्ट फॅनने ड्रेनेजमधली हवा आत ओढली आणि त्या वसाहतीत तीनशेच्या वर लोकांना सार्स हा श्वसनाचा जीवघेणा आजार झाला. तिथे प्लंबर अडाणी होता असं मी म्हणत नाहीये, पण त्या दोन इंच पाण्यावर किती जीव टांगलेले असतात ते बघा.

"यूट्यूबवर सगळं आहे." वॉशर बदला ना खुशाल, त्याला लायसन्स कोण मागतंय.

"लायसन्स म्हणजे पैसे खायचं कुरण." यात तथ्य आहे, नाकारत नाही. सही लायसन्सवाल्याची आणि काम भलत्याच पोराचं, हे आमच्याच बिल्डिंगमधे बघितलंय आणि तेव्हा खूप चीड आली होती. पण मग सही करणाऱ्याला साइटवर उभं करा, त्याचं लायसन्स रद्द करा, नियम कशाला काढताय? आणि वीस वर्षं हातात पाना धरलेल्या माणसाला लेखी परीक्षा नको, त्याला एक टाकी, एक ट्रॅप, एक व्हॉल्व्ह द्या, जोडून दाखव म्हणा, जमलं तर त्याच दिवशी नाममात्र फीमधे कार्ड हातात द्या.