गणपतीची रजा आणि कारखान्यात टिकणारा कामगार

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळ्याच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षे कर्मचारी विभागात काम केले. राजीनामा हातात घेताना मी प्रत्येकाला कारण विचारत असे आणि बहुतेकांचे पहिले उत्तर 'पगार' हेच असे. पण चहा मागवून पाच मिनिटे बसवले, की बोलणे पगारावरून पाळीवर आणि पाळीवरून रजेवर येई.

आमच्याकडे खेड, चिपळूण, कणकवलीकडचे कामगार बरेच होते. गणपतीला गावी जाणे ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. घरचा गणपती त्यांच्याच हातून बसायचा. त्या काळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे आणि आमच्याकडे रजा मंजूर होई ती सणाच्या आठवडाभर आधी. म्हणजे तिकीट काढावे तर रजेची खात्री नाही आणि रजा मिळेपर्यंत तिकीट उरलेले नाही. एका वर्षी ऐनवेळी रजा नाकारलेला आमचा एक उत्तम फिटर न सांगता गावी निघून गेला आणि परत आला तो फक्त हिशेब घ्यायला. दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच दिलेली होती. त्याने काही जगावेगळे मागितले नव्हते, ही खंत मला आजही आहे.

पाळीचेही तसेच. दुसरी पाळी रात्री ११ ला सुटे. दिवा-मुंब्र्याला राहणाऱ्याने ठाण्याला गाडी बदलून घरी पोहोचावे, जेमतेम डोळा लागावा आणि सकाळी सातला पुन्हा पहिल्या पाळीला यावे, असा निरोप सुपरवायझर आदल्या संध्याकाळी देत. ओव्हरटाइमचा दुप्पट दर मिळूनही माणसे त्याला कंटाळत.

पगार गौण आहे, असे माझे म्हणणे नाही. तुटपुंज्या पगारावर नुसत्या गोड बोलण्याने कोणी राहत नाही आणि राहूही नये. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ साली कामगारांच्या गळतीचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले होते, आणि जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर देऊ केल्यावर ते झपाट्याने खाली आले, हे सर्वांना सांगायला आवडते. मात्र त्याच घोषणेत कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला होता, हे क्वचितच सांगितले जाते. मला तो एक तास पाच डॉलरइतकाच महत्त्वाचा वाटतो.

फिटर गेल्यानंतरच्या वर्षी मी व्यवस्थापकांशी भांडून गणपतीच्या रजांची यादी आरक्षण उघडण्यापूर्वीच फलकावर लावली. कोणी आधी जायचे आणि कोणी गौरी-विसर्जनानंतर, हे कामगारांनी आपसांत बसून ठरवले. कोकणात नसलेल्या सोबत्यांनी मशीन सांभाळल्या आणि दिवाळीत त्यांना पहिली निवड मिळाली. त्या वर्षी गणपतीनंतर हिशेब मागायला माझ्या टेबलापाशी कोणीही आले नाही.