आरई की ईआर?

आमच्या गावात, म्हणजे फोंडा तालुक्यात, जत्रेची पालखी देवळात परतली की नाटक सुरू होतं. नाटकावरून भांडण सहसा होत नाही. भांडण होतं हँडबिलावरून. यंदा पोरांना 'नाट्यमंडळ' जुनाट वाटलं. नावात 'थिएटर' हवं आणि तेही इंग्रजी अक्षरांत! छापखान्यात जायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. ज्याला कुठल्याच भूमिकेत घेत नाहीत त्याला आमच्याकडे सेक्रेटरी करतात.

छापखान्यातल्या मुलीने शब्द टाइप केला, तर खाली लाल नागमोडी रेघ. मी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि माझी शांती गेली. न्यू जर्सीहून भाचीचा निरोप आला, "मामा, शेवटी ईआर. Theater." निवृत्त हेडमास्तरांचा लगेच फोन : "आरई! Theatre! दुसरं काही छापलंस तर मी जत्रेला येणार नाही." (हे दरवर्षी येणार नसतात आणि दरवर्षी पहिल्या रांगेत असतात.) ईआर ही अमेरिकेत नोआ वेबस्टरने 1828च्या कोशातून पक्की केलेली खोड, हे त्यांचं म्हणणं खरंच. पण सतराव्या शतकात खुद्द इंग्लंडातही ईआर सर्रास चालायचं, असं मी म्हणालो मात्र, सरांनी फोन ठेवला.

पोर्तुगीज अमदानीत शिकलेले शेजारचे आजोबा म्हणाले, "तेआत्रो! मधे तो एच कित्याक?" त्यांच्या अंगणात बसलेला मिंगेल छाती फुगवून म्हणाला, हा शब्द आमचा, 1892 साली मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, झाला तो गोंयकारांचाच. तेवढ्यात बहिणीचा फोन : "भावोजींना थिएटरात नेलंय." हर्नियाचं ऑपरेशन आज होतं हे मी साफ विसरलो होतो. तोंडातून गेलं, "स्पेलिंग काय लिहिलंय बघ गो दारावर." बहीण अजून बोलत नाही. वास्तविक पूर्वी शस्त्रक्रिया बघायला विद्यार्थी चहूबाजूंनी पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बसत, म्हणून त्या खोलीलाही थिएटर म्हणतात. हे तिला सांगायचं राहून गेलं, ते एक बरं झालं.

रात्री कोश काढला. मूळ ग्रीक 'थिएट्रॉन', बघायची जागा. तीसुद्धा रंगमंच नव्हे, टेकडीच्या उतारावर प्रेक्षक बसत ती! नट कपडे बदलत तो तंबू म्हणजे 'स्केने', त्यावरून आपला सीन. म्हणजे संध्याकाळपासून चटया घालून जागा धरणाऱ्या बायका हेच आमचं थिएटर, आणि नायकाचा 'सीन' खरं तर मागच्या ताडपत्रीआड, मिशी चिकटवताना.

हे मी कमिटीच्या बैठकीत सविस्तर मांडलं. कोणी वर बघितलं नाही. फक्त मंडपवाला दारातून पुढे आला.

"म्हणजे खुर्च्या त्येच थिएटर?"

"ग्रीकांच्या हिशोबाने, होय."

"मग थिएटराच्या गेल्या जत्रेत मोडलेल्या खुर्च्यांचे पैसे बाकी आसात. ते दिया, मग स्पेलिंग घाला कसलेंय."