‘सही करू नका’ म्हणणाऱ्या क्लिपला उत्तर

मावसबहिणीचं लेकरू ताप आणि झटक्यांनी नागपुरात भरती होतं. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते, सुईनं काढून तपासायचं म्हटलं आणि नेमकी तेव्हाच जावईबापूंच्या मोबाइलवर ती आवाजाची क्लिप येऊन पडली. ‘मणक्यातलं पाणी काढलं की पोरगं लुळं पडते. ते पाणी पुन्हा भरत नाही. शिकाऊ डॉक्टर प्रयोग करतात. सही करू नका, एमआरआय मागा.’ बोलणाऱ्याचं ना नाव, ना गाव. तरी सही रात्रभर अडली.

आधी लुळं पडण्याचं पाहू, कारण सगळी भीती तिथंच आहे. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूतून मणक्यात उतरणारी मज्जातंतूंची दोरी, मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तान्ह्या बाळात जरा खाली, तिसऱ्यापर्यंत येतो. सुई टोचतात ती त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीत. तिथं रज्जू नसतोच. पाण्यात सुटे सोडलेले मज्जातंतू असतात, ते सुईपुढून सहसा बाजूला सरकतात. सिझरला कमरेत भुलीची सुई देतात ती याच पोकळीत. अशा बाया आपल्या गावात घरोघरी आहेत, वावरात जातात, निंदण करतात. त्यांना विचारा ना!

मग तपासणीनंतर अपंग झालेली पोरं दिसतात ती काहून? ही तपासणी होतेच मुळी मेंदूज्वराच्या संशयावर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहात सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचातल्या एकाला कायमचा त्रास उरतो. बहिरेपण, झटके, हातपाय अधू होणं हे त्या आजाराचं काम. नाव मात्र सुईचं होतं, कारण ती सगळ्यांना दिसली. याच संघटनेच्या एप्रिल २०२५ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की पाणी लवकरात लवकर तपासा, जमल्यास अँटिबायोटिकच्या आधी, पण त्यासाठी औषध अडवून ठेवू नका. आपल्याकडे उलटं झालं, क्लिपसाठी तपासणी अडली.

पाणी भरत नाही म्हणे! मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं. लेकराचं काढतात किती, तर काही मिली.

प्रयोगाचं म्हणाल तर क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८९१ मध्ये ही पद्धत मांडली. एवढ्या वर्षांनी कसला प्रयोग?

एमआरआयमध्ये सूज दिसेल. पण जंतू कोणता, टीबी आहे का, हे त्या पाण्यातल्या पेशी, साखर, प्रथिनं आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) सांगतं. औषध त्यावर ठरतं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. नंतर डोकं दुखू शकतं, बसलं-उठलं की जास्त, आडवं झालं की कमी. बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप जातं. आणि मेंदूतला दाब वाढलेला असेल, प्लेटलेट फार कमी असतील किंवा टोचायच्या जागी जखम पिकली असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी टाळतात किंवा पुढं ढकलतात. दाबाचा संशय असला की आधी सीटी स्कॅन करतात. सही करण्याआधी विचारायचंच असेल, तर डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा: मेंदूतला दाब कसा आहे, प्लेटलेट किती, रक्त पातळ करणारं औषध सुरू आहे का?