मेपल लीफ गार्डन्स पाडलेले नाही

टोरंटोच्या ज्या मेपल लीफ गार्डन्समध्ये लता मंगेशकर गायल्या, ते क्रीडागृह मोडकळीला आल्यामुळे पाडले आणि त्या जागी किराणा दुकान बांधले, असे हळहळीने सांगितले जाते. महामंदीत मजुरांना फुकट राबवून ते उभारले होते, अशी पुस्तीही जोडली जाते. यातले दुकान आणि लताबाईंचे गाणे तेवढे खरे आहे.

कार्लटन आणि चर्च या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची १९३१ सालची इमारत आजही उभी असून २००७ मध्ये तिला कॅनडाचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली. २०११ च्या अखेरीस लॉब्लॉज कंपनीचे दुकान सुरू झाले ते तिच्या तळमजल्यावर, आणि पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर, जुन्याच घुमटाकार छताखाली, तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठाचे आइस हॉकीचे मैदान आले. आतले प्रेक्षागार मात्र पूर्णपणे काढून टाकले, हे मान्य करायलाच हवे. ज्यांनी तेथे सामने पाहिले, त्यांचे भिंती उरल्याने फारसे समाधान होणार नाही. जुन्या मैदानाचा मध्यबिंदू दुकानाच्या फरशीवर लाल ठिपक्याने दाखवला आहे, तो मांडण्यांच्या रांगांमधून शोधावा लागतो.

मोडकळीचे कारणही टिकत नाही. मेपल लीफ्स हा आइस हॉकीचा संघ १३ फेब्रुवारी १९९९ रोजी शिकागोविरुद्ध तेथे अखेरचा सामना खेळून आठवड्याभरात अधिक आसनांच्या नव्या एअर कॅनडा सेंटरमध्ये गेला, तरी टोरंटो रॉक हा लॅक्रोसचा (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाचा) संघ २००० पर्यंत जुन्याच जागी खेळत राहिला. २००४ मध्ये वास्तू लॉब्लॉजला विकताना मालकांनी ती नव्या क्रीडागृहाशी स्पर्धा करण्यासाठी वापरायची नाही, अशी अट घातली. पडायला आलेल्या घराची अशी धास्ती कोणी घेत नाही.

मजुरांना वेतन मिळाले. त्यातला सुमारे २० टक्के भाग कंपनीच्या समभागांच्या रूपाने दिला गेला, आणि बांधकाम साडेपाच महिन्यांत तडीस गेले.

लताबाई तेथे गायल्या ९ जून १९८५ रोजी, युनायटेड वे या धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी. बारा हजार श्रोते आले, दीड लाख डॉलर जमले, आणि आग्रहाखातर त्यांनी कॅनडाच्या गायिका ॲन मरे यांचे एक इंग्रजी गीतही म्हटले.