रक्ततपासणी आणि रेडिएशन : एक खुलासा

‘सीटी स्कॅन आणि मोबाइल टॉवरमुळे अंगात साठलेले रेडिएशन साध्या रक्ततपासणीत तासाभरात कळते’ असा संदेश सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. मुळात एक्स-रे शरीरात साठून राहत नाहीत.

शरीराला मिळालेल्या रेडिएशनच्या मात्रेचा अंदाज घेण्याची जी मान्य पद्धत आहे, तीत हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेतलेल्या रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना राजम्यापासून मिळणाऱ्या फायटोहिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने विभाजनास प्रवृत्त करून ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४८ तास वाढवतात, कोल्सेमिड या रसायनाने ते विभाजन मध्येच थांबवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी तपासून रेडिएशनने तुटून चुकीची जोडली गेलेली, म्हणजे एकाऐवजी दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचे दोन भाग जोडणारा आवळलेला बिंदू) असलेली गुणसूत्रे मोजतात. हे काम तासाभराचे नव्हेच. शिवाय असे एखादे गुणसूत्र निरोगी माणसातही हजारेक पेशींमागे आढळते, त्यामुळे सुमारे ०.१ ग्रे (शरीराने शोषलेल्या रेडिएशनचे एकक) यापेक्षा कमी मात्रा खात्रीने सांगता येत नाही. एका सीटी स्कॅनची मात्रा साधारणतः त्याहून कमीच असते. टॉवरच्या लहरींत तर गुणसूत्र तोडण्याइतकी ऊर्जाच नसते.

डॉक्टरांनी सांगितलेला आवश्यक स्कॅन या भीतीपोटी कृपया टाळू नये. गुणसूत्रे मोजण्याची ही रक्ततपासणी किरणोत्सर्गी अपघातात सापडलेल्या, किंवा कामावर जास्त मात्रा मिळाल्याचा संशय असलेल्या व्यक्तींसाठी असते.