पोर्ट गेला की गेलं?

परवा मोबाइल चार्ज होईना म्हणून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका दुकानात दिला. दुकानातल्या पोराने बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाला, "काका, खाऱ्या हवेने गंजलाय. पोर्ट गेला." घरी येऊन तेच सांगितलं, तर जन्मभर तांडेलकी (मच्छीमार बोटीचं कप्तानपण) केलेले आमचे नाना ताडकन उठून बसले. "कुठचं गेलं रे? उधाणात?"

हसून झाल्यावर जाणवलं, की या एका शब्दाला मराठीने लिंगं वाटून दिलीत. मोबाइलचा तो पोर्ट. जहाजांचं ते पोर्ट, कारण आधीपासून ते बंदर (तेही मुळात फारसीच). वाइन असली तर ती पोर्ट. इंग्रजीला ही सोय नाही.

शाळेच्या वहीत मात्र "पोर्ट = बंदर" एवढं लिहिलं की मास्तर पुढच्या शब्दावर. मला हे मुळीच पटत नाही. लॅटिनमध्ये पोर्टुस म्हणजे बंदर आणि पोर्टा म्हणजे दरवाजा. मोबाइलचा पोर्ट दरवाजाच्या घराण्यातला. वाइनचं नाव पोर्तुगालच्या पोर्तो शहरावरून आलं, आणि त्या शहराच्या नावाचा अर्थच बंदर! सिम पोर्ट करतो तो तिसराच, वाहून नेण्याचा. स्टेशनवरचा पोर्टरही त्यातलाच. 2011 पासून देशभर ही सोय झाली, 1900 ला मेसेज टाकायचा. आमच्या वाडीत काहींनी तीन-तीनदा पोर्ट केलं. रेंज अजून फणसाखालीच येते.

सगळ्यात मजेशीर अर्थ जहाजाच्या डाव्या बाजूचा. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजवीकडे असायचं, ते चेपू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावत. तिला आधी लारबोर्ड म्हणत आणि उजवीला स्टारबोर्ड. भर वाऱ्यात ओरडून सांगितलं तर कोण काय ऐकणार? शेवटी 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड बंद केला, पोर्ट ठेवला. त्या बाजूला लाल दिवा, उजवीला हिरवा. नानांना यातला एकही शब्द ठाऊक नव्हता, पण रात्री समोरून लाल दिसला की हिरवा, त्यावरून बोट कुठे वळवायची ते पक्कं ठाऊक.

हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमचं सोपं हाय. लिलावाला बायका जातात त्या बंदरावर. तुझा भाचा कामाला हाय तो पोर्टात."

खरंच, आमच्याकडे बंदरात कोणी म्हणत नाही आणि पोर्टावरही नाही. भाच्याला रोज गेटवर पास दाखवावा लागतो.